झोपले होते

‘अस्लीप’ या शब्दावर बोट ठेवून ती बाई काउंटरपाशी उभी राहिली तेव्हा अकरा वाजले होते आणि ताईचा चहा अजून अर्धा कपातच होता. बोट जाड, साबणाच्या पाण्यानं टोकाला सुरकुतलेलं, नख मुळाशी कापलेलं. झेरॉक्सच्या कागदाला चार घड्या पडल्या होत्या आणि तो शब्द नेमका घडीवर आला होता, म्हणून बाईनं तो दुसऱ्या हातानं ताणून धरला होता. “हे तुम्ही लिहिलंय का?” तिनं विचारलं. खाली सही ताईचीच होती, शिक्का ऑफिसचा होता. नाही म्हणायची सोय नव्हती. ताई हो म्हणाली. “मग हा शब्द मी बोललेलेच नाही,” बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दुकानदारानं मापात चूक केली तर आपण सांगतो ना, बाबा रे, एवढं नाही भरत, तसं तिनं सांगितलं.

चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत ताईची एकोणीस वर्षं गेली होती. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, पदव्या, जबान्या. इकडून मराठी यायचं, तिकडून इंग्रजी होऊन शिक्का घेऊन जायचं. तिला सगळे ताई म्हणत. मालक सात वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. काउंटरवर भांडायला येणारे असत, पण ते नावातल्या एखाद्या अक्षरावरून, जन्मतारखेवरून. विशेषणावरून भांडायला आजवर कुणी आलं नव्हतं. तिनं चहा बाजूला सारला, बाईला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. बाई खुर्चीच्या कडेवर बसली. उठायचं निमित्त मिळालं की लगेच उठता यावं, असं तिचं बसणं होतं.

ही बाई वृद्धाश्रमात मावशी होती. तिथं काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, हिला पंचवीस वर्षं म्हणत होते. बायकांच्या खोलीत आठ खाटा, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत हिची पाळी. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी चार नंबरच्या खाटेवरच्या आजी कुणाला न बोलावता एकट्याच उठायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, नवव्या दिवशी त्या गेल्या. आश्रम चालवणाऱ्या कंपनीनं चौकशी लावली. मावशीची जबानी मराठीत घेतली, ती या ऑफिसात आली, इंग्रजी होऊन गेली, आणि ती वाचून कंपनीनं मावशीला कामावरून काढलं. नुसतं काढलं नाही, झोपणारी बाई म्हणून तिचं नाव इतर आश्रमांनाही कळवलं. आता गुरुवारी अपिलाची सुनावणी होती. भाचीनं काल कागद वाचून दाखवला तेव्हा मावशीला पहिल्यांदा कळलं की इंग्रजीत आपण काय बोललो. “भाची म्हणते, कुणीतरी ध चा मा केलाय,” मावशी म्हणाली. “मी म्हटलं, बाई शिकलेल्या असतील, मुद्दाम कशाला करतील.”

ताईनं फाइल काढली. जबानीत होतं: दुपारी सव्वादोनला मी चार नंबरच्या खाटेजवळ खाली झोपले होते. आवाज आला तशी उठले. आजी पडल्या होत्या. इंग्रजीत तिनं केलं होतं: आय वॉज अस्लीप. पुढे: आय वोक अप. एकदा माणसाला झोपवलं की जागं करावं लागतंच, एका शब्दामागून दुसरा आपोआप येतो. “झोपले होते असंच तर आहे इथं,” ताई म्हणाली. “हो, झोपले होते. खाली सतरंजीवर झोपले होते. पाठ भरून येते माझी दुपारी. पण झोप लागली होती असं म्हटलं का मी? आमच्या सिस्टरांनीच सांगितलेलं, मावशी, बसा, जरा आडव्या व्हा, पण डोळा लागता कामा नये. डोळा नव्हता लागला. आठ जणींचा श्वास ऐकत असते मी. कुणाचा अडकला, कुणाचा घरघरतोय, पडल्या पडल्या कळतं. आजींनी हाक मारलीच नाही, त्यांना माझी दया आली असणार. हाक मारली असती तर मी एका हाकेला उठते.”

“मग पडले होते म्हणायचं,” ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपल्या स्वरातला वैताग ऐकू आला. “आडवी झाले होते म्हणायचं. तुम्ही झोपले म्हणालात, तर लिहिणाऱ्यानं काय समजायचं?” मावशीनं थोडा विचार केला. “आजी पडल्या होत्या ना,” ती म्हणाली. “त्या पडल्या, त्यात गेल्या. त्याच तोंडानं मीपण पडले होते कसं म्हणू? बरं दिसतं का ते?”

ताईनं जबानीतलं ते वाक्य पुन्हा वाचलं. एकोणीस वर्षांत शब्दाची निवड कुणी इतकी नीट समजावून सांगितली नव्हती.

मावशी गेल्यावर ताईनं खालच्या कप्प्यातून कच्चा कागद काढला. ती अजूनही आधी पेन्सिलीनं लिहायची. टायपिस्ट हसायची तिला. मालक विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तिनं तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं: त्या दिवशी अठरा पानं होती, ही चौथी जबानी, पावणेपाच वाजलेले, हात आपोआप चालला. थकलेल्या हाताला कोण काय म्हणणार. पण कागद उजेडात धरला तर त्या जागी खोडरबरानं कागद फुगलेला होता आणि ‘अस्लीप’च्या खाली पुसट, पण वाचता येईल एवढं, दुसरं काहीतरी होतं. लायिंग डाऊन. म्हणजे तिला दोन्ही अर्थ सुचले होते. बरोबर सुचला होता आणि तिनं तो पुसला होता. आणि आता तिला तो क्षणही आठवला. मनात कुणाशी तरी भांडल्यासारखं आलं होतं: झोपले होते म्हणजे झोपलेच होते, नाहीतर काय. या मावशीचा तिला तेव्हा राग आला होता. न पाहिलेल्या बाईचा.

मालकांनी ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला, डोळे चोळले. “दोन्ही अर्थ होतात ना? मग चूक कुठली?” ताई म्हणाली, होतात, पण मी एक निवडला. “निवडावा लागतोच. इंग्रजीत काय दोन्ही लिहिणार होतात? ताई, एकदा आपण लिहून दिलं की आमचं चुकलं, की मागचं सगळं उकरून काढतील. ती कंपनी महिन्याला ढीगभर कागद पाठवते. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला सांगा, डिक्शनरी दाखवा म्हणावं त्यांना.” मालक वाईट नव्हते. ताईची आई अंथरुणाला खिळलेली होती त्या चौदा महिन्यांत त्यांनी एकदाही तिला उशिराबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढचा कागद ओढला. ताई आपल्या टेबलाशी आली.

साडेपाचला ती घरी आली आणि चपला न काढता पलंगावर आडवी झाली. ‘दमले,’ ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. नव्या मुली ऑफिसात यायच्या तेव्हा ती त्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवायची: दमले म्हणजे आय टायर्ड नव्हे, आय अ‍ॅम टायर्ड. आपण मराठीत दमतो, रुसतो, कंटाळतो, बसतो, झोपतो, आणि मग त्या करण्याचं जे मागे उरतं तिथं राहतो. दार लागलं आहे, दूध नासलं आहे, पोरगी रुसली आहे. प्रत्येक अवस्थेच्या मागे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं किंवा काहीतरी झालेलं असतं. इंग्रजीत डबे भरून ठेवलेले: टायर्ड, शट, अस्लीप, डेड. डबा काढायचा, झाकण उघडायचं. कशानं दमलीस, कुणी दमवलं, विचारायचं कारण नाही. मुली वहीत लिहून घ्यायच्या. त्यांना हे आवडायचं, कारण परीक्षेत येण्यासारखं होतं. तिलाही आवडायचं. स्वतः दमली असताना दमण्याचं व्याकरण सांगायला बरं वाटतं, मध्ये जरा अंतर पडतं.

छतावरच्या पंख्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा किंचित खाली झुकलेलं होतं. सहा वर्षांपूर्वीही होतं. तेव्हाही ती अशीच पडली होती, रविवारची दुपार, आई शेजारच्या खोलीत. चौदा महिने. सकाळी आईचं सगळं करून ऑफिस, ऑफिसातून येऊन पुन्हा सगळं. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर काढायची, घालायची. दादा दुसऱ्या गावी, फोनवर रडायचा. वहिनी चांगली, सुट्टी मिळाली की यायची आणि चार दिवसांत आजारी पडून जायची. त्या रविवारी ताईनं आईला भरवलं, तोंड पुसलं, आणि या पलंगावर येऊन पडली. डोळे उघडे होते. झोप येत नव्हती, इतकं दमल्यावर येतच नाही. आईनं हाक मारली. मोठी नव्हती हाक, नुसतं नाव, तेही अर्धं. ताई म्हणाली, “आलेच.” तिला स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आलेच. मराठीत माणूस निघायच्या आधीच येऊन पोचलेला असतो. शब्द तिकडे गेला आणि ती इथंच राहिली. पुन्हा हाक आली. आता तिनं काही उत्तर दिलं नाही. ती पात्याकडे बघत होती. मनात राग नव्हता, हे ती शपथेवर सांगू शकली असती, काहीच नव्हतं. पाय उचलायचे होते आणि ते उचलणारं जे कुणी असतं ते त्या वेळी घरात नव्हतं. मग शेजारची खोली शांत झाली आणि तिला हायसं वाटलं. हेही खरं होतं, की हायसं वाटलं. चार वाजता ती उठून गेली तेव्हा आई गेलेली होती, मान दाराकडे वळलेली.

फोनवर दादानं विचारलं, कधी, कसं. ती म्हणाली, “मी झोपले होते रे.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. झोपलेलीच होती. दादानं ते त्याच्या परीनं ऐकलं आणि म्हणाला, “तू तरी काय करणार, माणूस झोपणारच की. किती करशील.” वहिनी आली, तिनं पाठीवर हात ठेवला. शेजारणी म्हणाल्या, झोपेत होतीस तेच बरं, बघवलं नसतं तुला. सहा वर्षं सगळ्यांनी मिळून तिला झोपवून ठेवलं होतं आणि तीही गप्प पडून होती. हळूहळू तिला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की कदाचित डोळा लागला असेल, कदाचित ती हाक स्वप्नातली असेल. आणि मग एका दुपारी पावणेपाचला कुणा मावशीचा कागद समोर आला: मी झोपले होते. आवाज आला तशी उठले. तोच शब्द. त्या शब्दाचा दुसरा अर्थ होतो असं ताईनं आपल्या हातानं, शिक्क्यानिशी लिहून द्यायचं म्हणजे मग दादाला फोनवर सांगितलेल्या वाक्याचाही दुसरा अर्थ होत होता. म्हणून तिनं तो पुसला होता. तिला आता शरम वाटली, साधी, अंग आक्रसून घेणारी शरम. एका बाईची पंचवीस वर्षांची नोकरी तिनं आपली झोप सांभाळायला वापरली होती.

बुधवारी तिनं सुनावणीसाठी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, की त्या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि आपण चुकीचा निवडला; ऑफिसच्या कागदावर नव्हे. मालकांना ते दाखवलं. त्यांनी वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, “तुम्ही ऐकणार नाहीच.” दिवसभर ते तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना म्हणाले, “उद्याची रजा मांडून ठेवतो.”

सुनावणीची खोली सहाव्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका खिडकीचा पडदा अडकलेला. अध्यक्ष बाहेरून नेमलेले निवृत्त न्यायाधीश होते, त्यांना मराठीचा गंध नव्हता. सगळं इंग्रजीत चालणार होतं. मावशी टेबलाच्या टोकाला इस्त्रीची साडी नेसून, हात मांडीवर घेऊन बसली होती. कंपनीचा वकील मात्र मराठी होता, तरुण, बोलायला गोड. त्यानं ताईचं पत्र वाचलं आणि हसून मराठीतच सुरुवात केली. “ताई, आपण दोघं एकाच भाषेची माणसं. मी तुम्हाला म्हटलं, काल दुपारी मी झोपलो होतो. खरं सांगा, तुम्हाला काय कळेल?” ताई म्हणाली, “झोप लागली होती असंच कळेल.” “मग संपलंच की.” “तसंच सगळ्यांना कळतं,” ताई म्हणाली, “म्हणून ते खरं असायलाच हवं असं नाही.” वकिलानं हे इंग्रजीत अध्यक्षांना सांगितलं, जरा त्याच्या बाजूला झुकवून, आणि ताईनं त्यातलं एक क्रियापद दुरुस्त केलं. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. त्यांना पहिल्यांदाच गंमत वाटली असावी.

मग अध्यक्षांनीच विचारलं. हळू विचारलं, थकलेल्या माणसाचा थकलेल्या माणसाशी बोलताना असतो तसा आवाज होता. शब्दकोश दोन अर्थ देतो हे मी मानतो, ते म्हणाले. पण जागा असलेला माणूस प्रत्यक्ष व्यवहारात, इतक्या गंभीर प्रसंगी, हे वाक्य वापरतो का? तुमच्या माहितीत असं खरोखरच्या माणसाचं एखादं उदाहरण आहे? ताईजवळ उदाहरणं होती. रात्रभर बसून तिनं सहा काढली होती, पर्समध्ये यादी होती. तिनं पर्सची चेन उघडली. यादीतली सहाही वाक्यं बनवलेली होती, आणि हा माणूस खऱ्या माणसाचं विचारत होता. मावशी तिच्याकडे बघत होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आपलं जे काही व्हायचं ते आता या बाईच्या तोंडून होणार आहे एवढं कळत होतं.

ताईनं चेन लावली. “आय वॉज लायिंग डाऊन,” ती म्हणाली. “आय वॉज अवेक. माय मदर कॉल्ड मी. ट्वाइस.” इंग्रजीत ते सोपं गेलं, आणि भयंकरही वाटलं. प्रत्येक शब्द आपापल्या जागी उभा होता, एकाच्याही आड दुसरं काही लपत नव्हतं. आई गेली आणि भावाला मी मराठीत हेच वाक्य सांगितलं, ती पुढे म्हणाली, या जबानीतलं. त्याला वाटलं मी अस्लीप होते. सहा वर्षं वाटतंय. मी दुरुस्त केलं नाही. वकिलानं पेन टेबलावर ठेवलं. अध्यक्ष थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले, मग लेखनिकाला म्हणाले, नोंद करा. ‘अस्लीप’ काढा, ‘लायिंग डाऊन’ घाला. ‘वोक अप’ काढा, ‘गॉट अप’ घाला. त्यांनी जबानी नव्या शब्दांनिशी पुन्हा मोठ्यानं वाचली आणि वकिलाला विचारलं, आडवं होण्याची परवानगी होती, हे आपल्याला मान्य आहे? वकील म्हणाला, मान्य आहे. मग या बाईंनी सोमवारपासून कामावर यावं, आणि इतर आश्रमांना गेलेली पत्रं परत घ्यावीत, असं त्यांनी सांगितलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

लिफ्टपाशी मावशीनं ताईचे दोन्ही हात धरले. लेखनिकानं तिला सोमवारचं मराठीत सांगितलं होतं. रडणं आवरून, पदरानं नाक पुसून ती म्हणाली, “त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि मग सगळे गप्पच झाले. काय सांगितलंत हो तुम्ही?” लिफ्ट खालीच अडकून होती. ताईला वाटलं, म्हणावं काहीही, व्याकरणाचं होतं म्हणावं. मग तिनं सांगितलं. दुपार होती, आई शेजारच्या खोलीत होती, मी पडले होते, तिनं दोनदा हाक मारली. मराठीत सांगताना वेळ लागला, मध्ये थांबावं लागलं.

“मग उठलात ना?” मावशीनं विचारलं.

“नाही.”

मावशीनं हात सोडले नाहीत, पण तिची पकड जरा बदलली. पंचवीस वर्षं ती हाकांना उठत आली होती. दोन हाका म्हणजे किती वेळ, हे तिला कुणी सांगायला नको होतं.  मग पेशंटशी बोलावं तशा समजुतीच्या आवाजात म्हणाली, “अहो, झोप लागली असेल तुम्हाला. इतकं दमल्यावर आपलं आपल्याला कळत नाही.”

“नाही, मावशी,” ताई म्हणाली. “लागली नव्हती.”